दोन बारवांतलं शेवाळ एकमेकांचं कोण लागतं?
मॉसच्या दूरदूरच्या वस्त्यांमधलं जनुकीय नातं शोधताना: मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांसाठी कामाची वाट

परभणी जिल्ह्यातल्या वालूरची बारव आणि धाराशिव जिल्ह्यातला नळदुर्गचा पाणीमहाल यांच्यात सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर अंतर आहे. मधे बालाघाटाचे डोंगर, मांजरा, आणि मैलोन्‌मैल काळं रान. त्या रानात मे महिन्यात ढेकळांना भेगा पडतात आणि शेवाळाला तगून राहायला जागाच नसते. तरी दोन्हीकडे पावसाळ्यात दगडी चिऱ्यांवर तेच हिरवं मखमल उगवतं. भिंगाखाली पान ठेवलं तर पानही सारखंच दिसतं.

मग हे एकाच कुळातलं आहे का? की दोन वेगळ्या वाटांनी आलेली दोन घराणी सारखाच सदरा घालून बसली आहेत? एमएस्सीच्या प्रकल्पाला हा प्रश्न फार चांगला आहे. खर्च आवाक्यातला आहे, नमुने सायकलवर जाऊनही गोळा होतात, आणि आपल्या भागात या विषयावर फारसं कुणी काम केलेलं नाही. दरवर्षी मुलं हा प्रश्न घेऊन येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, 'सर, कोणतं मशीन वापरायचं?' मशीन सर्वात शेवटी येतं. माझ्या पाहण्यात बिघडलेल्या प्रकल्पांपैकी बहुतेक भिंतीपाशी किंवा नमुन्याच्या पाकिटापाशीच बिघडले होते.

शब्दांचा एक घोळ आधीच मिटवतो. आपण पाण्यावरच्या हिरव्या तवंगालाही शेवाळ म्हणतो आणि भिंतीवरच्या मखमलीलाही. तवंग म्हणजे शैवाल. मखमल म्हणजे मॉस, शाळेच्या पुस्तकातल्या ब्रायोफायटा गटातलं. या लेखात शेवाळ म्हटलं की मॉसच समजावं.

आधी प्रश्न कागदावर

दूरच्या दोन वस्त्या सारख्या असण्याची कारणं मुख्यतः तीन. पहिलं, वाऱ्यावर बीजाणू आले. मॉसचे बीजाणू बहुधा १० ते २० मायक्रॉनचे असतात, म्हणजे धुळीच्या कणाएवढे. दुसरं, तुकडे आले. ओल्या चपलेला चिकटून, बैलाच्या खुरात, पाटाच्या पाण्यातून, बांधकामाच्या दगडासोबत. मॉसच्या पानाचा तुकडाही अनुकूल जागी रुजून नवं रोप होऊ शकतो. तिसरं, कुणीच कुठून आलं नाही. पूर्वी ओलावा जास्त होता तेव्हा वस्ती सलग होती, नंतर मधली सुकली आणि टोकं उरली.

तिन्हींचे ठसे डीएनएमध्ये वेगवेगळे उमटतात. बीजाणूंची ये-जा भरपूर असेल तर एकाच भिंतीवर डीएनएचे अनेक प्रकार सापडतात आणि तेच प्रकार दूरच्या भिंतीवरही असतात. तुकड्यांनी पसरलं असेल तर अख्खी भिंत एकाच प्रकारची निघते. जुनी वस्ती तुटली असेल तर प्रत्येक ठिकाणाचे आपापले खास प्रकार असतात आणि त्यांच्यात बदलही बरेच साठलेले असतात. काम सुरू करण्याआधी वहीत लिहा: माझ्या ठिकाणी यातलं काय असावं असं मला वाटतं आणि का. नंतर लिहिलंत तर निकाल पाहून प्रश्न वाकवण्याचा मोह होतो.

अंतर म्हणजेच दुरावा, असं मात्र गृहीत धरू नका. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहाने मोजलेल्या वाऱ्यांच्या वाटा आणि दक्षिण गोलार्धातल्या बेटांवरच्या वनस्पती ताडून पाहिल्या होत्या. मॉससारख्या वनस्पतींच्या बाबतीत जवळच्या बेटांपेक्षा वाऱ्याने जोडलेली बेटं एकमेकांशी जास्त जुळली. त्याहून मोठा धक्का स्फॅग्नम सबनायटेन्सने दिला. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर ओरेगॉनपासून अल्यूशियन बेटांपर्यंत, चार हजार किलोमीटरहून लांब पट्ट्यात पसरलेली ही वस्ती जनुकीयदृष्ट्या एकाच रोपाची संतती असल्याचं २०११ मध्ये दाखवलं गेलं.

हे घडू शकतं, कारण मॉसचं हिरवं रोप एकगुणित असतं. त्याच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांचा एकच संच असतो. एकाच रोपावर नर आणि मादी दोन्ही अवयव असतील आणि त्यांचंच फलन झालं, तर तयार होणारे सगळे बीजाणू हुबेहूब आईसारखे निघतात. आंब्याच्या कोयीतून कसलं झाड येईल याचा नेम नसतो. इथे शंभर कोयी लावा, शंभरही तोच आंबा देतील. हा मुद्दा पुढे तीन ठिकाणी लागणार आहे, म्हणून इथेच पक्का करून ठेवा.

कोणतं मॉस घ्यावं

आपल्या भागात तीन नावं व्यवहार्य आहेत.

फ्युनारिया हायग्रोमेट्रिका जळालेल्या जमिनीवर, वीटभट्टीच्या कडेला, कुंडीत उगवतं. त्याच्या बोंडाचा, म्हणजे बीजाणूंच्या पिशवीचा, देठ हवेतल्या ओलाव्याप्रमाणे पिळतो आणि सुटतो. ओळखायला सोपं, बोंडं भरपूर. पण नर-मादी एकाच रोपावर, त्यामुळे वरची आंब्याची गोष्ट इथे लागू होते. शिवाय ते एका हंगामाचं पाहुणं आहे. पुढच्या वर्षी त्याच जागी सापडेलच असं नाही.

ब्रायम अर्जेंटियम गच्चीच्या कोपऱ्यात आणि रस्त्याच्या कडेला दिसतं. पानांच्या टोकांकडच्या पेशींत हरितद्रव्य नसतं, म्हणून त्याला चंदेरी झाक येते. ते जगभर आहे, अगदी अंटार्क्टिकातही, आणि तिथे ते एकापेक्षा जास्त वेळा जाऊन पोचल्याचं डीएनएवरून दिसलं आहे. परदेशी क्रमांशी (क्रम म्हणजे डीएनएतल्या अक्षरांची ओळ) तुलना करायची असेल तर हे सोयीचं. अडचण अशी की ते माणसाच्या पायाखालचं मॉस आहे. बसस्टँडवरच्या ब्रायमचं मूळ गाव शोधणं म्हणजे बसमधल्या गर्दीचं मूळ गाव शोधणं.

तिसरं हायोफिला इन्व्होल्यूटा, आणि माझं मत याच्याच बाजूने पडतं. बारवेच्या पायऱ्या, कालव्याचं अस्तर, किल्ल्याची ओलसर तटबंदी, धबधब्याखालचा बेसॉल्ट अशी त्याची घरं. कोरडं असताना पानांच्या कडा आत वळतात आणि रोप काळपट दोऱ्यासारखं दिसतं. पाण्याचा फवारा मारला की पानं बघता बघता उघडतात. नर-मादी वेगळ्या रोपांवर असतात, बोंडं क्वचितच येतात, आणि पसारा मुख्यतः जेमांवर चालतो. जेमा म्हणजे रोपापासून सुट्या होऊन रुजणाऱ्या पेशींच्या बारीक गुठळ्या. म्हणजे 'वारा की तुकडे' हा आपला प्रश्न या मॉसला थेट विचारता येतो.

ओळख भिंगावर सोडू नका. पानाचा आडवा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा आणि जाणकाराकडून खात्री करून घ्या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम क्षेत्रीय केंद्र आहे, लखनऊच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत ब्रायोफायटांचा मोठा संग्रह आहे. चुकीच्या ओळखीवर उभारलेला जनुकीय अभ्यास नंतर दुरुस्त करता येत नाही.

ठिकाणं निवडताना

मराठवाडा या कामासाठी जणू आखून ठेवला आहे. पावसाळ्यातला सरासरी पाऊस सुमारे ६८० मिलिमीटर, त्यामुळे मॉसच्या वस्त्या बेटांसारख्या सुट्या पडतात. सह्याद्रीत सगळीच भिंत हिरवी. तिथे वस्ती कुठे संपते तेच कळत नाही.

तीन पातळ्या ठेवा. एकाच बारवेच्या वेगवेगळ्या भिंती. एकाच तालुक्यातल्या दोन-तीन बारवा. आणि मग शंभर-दोनशे किलोमीटरवरची ठिकाणं. ती म्हणजे किनवटकडचं सहस्रकुंड, पाटोद्याजवळचा सौताडा, बीडजवळचं कपिलधार, कन्नडकडचा गौताळा. फक्त लांबचीच ठिकाणं घेतली तर फरक सापडतो, पण तो अंतरामुळे आहे की प्रत्येक भिंतच वेगळी आहे, हे सांगता येत नाही. ठिकाणं किमान आठ असावीत. आठ ठिकाणांच्या २८ जोड्या होतात, पाच ठिकाणांच्या फक्त १०, आणि दहा जोड्यांवर अंतराचा नियम शोधणं म्हणजे ढगाकडे बघून पेरणी करणं.

जागेचं वय माहीत असेल तर ते सोन्यासारखं. नळदुर्गचा पाणीमहाल १६१३ चा. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ची, धरणाचं उद्घाटन १९७६ चं. पैठणहून निघणारा डावा कालवा जालना जिल्ह्यातून परभणीपर्यंत येतो. म्हणजे त्याच्या अस्तरावरचं मॉस फार तर पन्नास-साठ वर्षांचं रहिवासी. कालव्यातल्या वस्त्या एकसारख्या आणि कालव्याबाहेरच्या बारवा वेगळ्या निघाल्या, तर पाण्याने तुकडे वाहून नेले या शक्यतेला बळ मिळतं. हा एक प्रश्न घेऊनसुद्धा स्वतंत्र प्रबंध होईल. मला तर वाटतं, कुणीतरी तो लवकर करावा.

बारवेच्या बाबतीत गावात चौकशी करा. गेल्या काही वर्षांत गावकऱ्यांनी बऱ्याच बारवा गाळ काढून, भिंती घासून मोकळ्या केल्या आहेत. बारव यादवकाळातली असली तरी तिच्यावरचं मॉस तीन पावसाळ्यांचं असू शकतं. पारावर बसलेल्या आजोबांना विचारलं की साल कळतं, पंपाच्या ठेकेदाराचं नाव कळतं, आणि चहाही मिळतो.

प्रत्येक ठिकाणी किती नमुने? हिशेब साधा आहे. एखादा प्रकार वस्तीत दहा टक्के असेल, तर १५ नमुन्यांत तो एकदाही न सापडण्याची शक्यता सुमारे २१ टक्के. ३० नमुने घेतले तर ती ४ टक्क्यांवर येते. मी सांगतो ते असं: प्रत्येक ठिकाणी ३० पाकिटं गोळा करा, पहिल्या फेरीत १५ तपासा, उरलेली जपून ठेवा. दोन नमुन्यांत किमान दोन मीटर अंतर ठेवा, नाही तर एकाच रोपाचा पसारा तुम्ही तीस वेळा मोजाल.

परवानगी

वेरूळ, अजिंठा, देवगिरी यांसारख्या संरक्षित वास्तूंवर खरवडणं तर दूरच, लेखी परवानगीशिवाय चिमटाही लावू नका. नळदुर्गही संरक्षित आहे. गौताळा अभयारण्यात वनविभागाची परवानगी लागते. गावच्या जागेसाठी ग्रामपंचायत आणि तिथली जैवविविधता व्यवस्थापन समिती. नमुने किंवा डीएनए परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा विचार असेल तर जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो आणि वाट चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडून जाते. अर्ज जूनमध्येच करा. पाऊस कागदांसाठी थांबत नाही.

गोळा करणं

ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबर हा काळ बरा. रोप वाढलेलं असतं आणि भिंत घसरडी राहिलेली नसते. तरी बारवेत एकट्याने उतरू नका.

सामान थोडकं: दहा आणि वीस पट भिंग, चिमटा, बोथट चाकू, पाण्याची फवारणी, पेन्सिल, आणि वर्तमानपत्राची किंवा तपकिरी कागदाची घडीची पाकिटं. प्लास्टिक पिशवी अजिबात नको. पहिल्या वर्षी मी स्वतः कपिलधारचे नमुने झिपलॉकमध्ये भरले आणि दिवाळीनंतर बघू म्हणून कपाटात ठेवले. उघडले तेव्हा आत बुरशीचा कापूस होता.

दोन रुपयांच्या नाण्याएवढा तुकडा पुरतो. भिंत उघडी करून येऊ नका. पाकिटावर पेन्सिलनेच लिहा, शाई ओलाव्याने पसरते: क्रमांक, तारीख, अक्षांश-रेखांश, भिंतीचं तोंड कोणत्या दिशेला, पाण्यापासूनची उंची, दगड की चुना की सिमेंट, बोंडं आहेत का. प्रत्येक नमुन्यानंतर चाकू-चिमटा स्पिरिटने पुसा. हे कंटाळवाणं काम पंधराव्या पाकिटाला सुटतं आणि सोळाव्यात पंधरावं मिसळतं.

त्याच दिवशी पाकिटं सावलीत वाऱ्यावर सुकवा. उन्हात नको, भट्टीत तर नकोच. त्यातल्या काही काड्या, म्हणजे सुटी रोपं, वेगळ्या काढून सिलिका जेलच्या बाटलीत ठेवा, डीएनएसाठी त्या. उरलेलं पाकीट संग्रहासाठी. दोन्हींवर क्रमांक एकच.

सफाई: इथे दोन आठवडे घालवा

मॉसची गादी म्हणजे एक गावच असतं. आत माती, नॉस्टॉकसारखं निळं-हिरवं शैवाल, बुरशीचे धागे, सूत्रकृमी, आठ पायांचे टार्डिग्रेड, आणि बऱ्याचदा दुसऱ्या जातीचं मॉससुद्धा. गादीतली दोन शेजारची रोपंही वेगवेगळ्या बीजाणूंतून आलेली असू शकतात.

म्हणून नियम एकच: एक नमुना म्हणजे एक काडी. गादी भिजवा, सूक्ष्मदर्शकाखाली एकच काडी अलगद सोडवा, खालचा तपकिरी भाग कापून टाका आणि वरचा हिरवा शेंडाच घ्या. ऊर्ध्वपातित पाण्यात तीन-चारदा हलवून धुवा. बोंड असेल तर ते काढून टाका, कारण बोंड द्विगुणित असतं आणि त्यात वडिलांचाही वाटा असतो. एका काडीतून डीएनए कमी निघतो हे खरं, पण दहा काड्या एकत्र कुटल्या तर निघालेला डीएनए कुणाचा आहे हेच सांगता येणार नाही.

डीएनए काढणं

१९८७ पासून चालत आलेली सीटॅब पद्धत मॉसला चालते. वाळलेली काडी छोट्या नळीत काचेच्या मण्यांसोबत कुटा; द्रव नायट्रोजन नसला तरी काम भागतं, फक्त काडी पूर्ण कोरडी हवी. बफरमध्ये पीव्हीपी हे फिनॉल धरून ठेवणारं रसायन घाला, नाही तर मॉसमधली फिनॉलं डीएनएला तपकिरी करतात. ६० ते ६५ अंशांवर तासभर, मग क्लोरोफॉर्म, मग थंड अल्कोहोल. क्लोरोफॉर्मचं काम फ्यूम हूडमध्येच. डीएनएची शुद्धता सांगणारं २६०/२८० गुणोत्तर १.८ च्या जवळ आलं तर ठीक. थोडं कमी आलं तरी पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या भागाच्या भरपूर प्रती काढणं) करून बघा, लगेच फेकू नका.

दर फेरीत एक नळी रिकामी चालवा, मॉस न घालता. तिच्यातून पीसीआरला पट्टी उमटली तर अख्खी फेरी बाद. आणि दहापैकी एक नमुना पुन्हा पीसीआरपासून करा, नवीन काडी न घेता, त्याच डीएनएवर. दोन वेळचा क्रम जुळला नाही तर तुमची चूक किती आहे ते तुम्हालाच कळतं.

कोणता भाग वाचायचा

हरितलवकातले टीआरएनएल–टीआरएनएफ आणि आरपीएस४ हे भाग सुरुवातीला घ्या. प्रायमर (पीसीआर कुठून सुरू करायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) सहज मिळतात आणि पीसीआर सहसा दगा देत नाही. पण हे भाग सावकाश बदलतात. दोनशे किलोमीटरवरच्या वस्त्यांत ते हुबेहूब सारखे निघाले तर त्यातून फक्त 'फार जुना दुरावा नाही' एवढंच कळतं. 'काल-परवा आलेत' हे त्यातून निघत नाही. मुलं इथेच उडी मारतात.

जोडीला केंद्रकातला आयटीएस हा भाग घ्या. तो जास्त वेगाने बदलतो. मात्र सर्वसाधारण आयटीएस प्रायमर बुरशीलाही तितक्याच प्रेमाने चिकटतात. एका विद्यार्थिनीचे बरेच क्रम असेच आले: स्वच्छ, सुरेख, आणि सगळे बुरशीचे. वंशवृक्षावर बसवले तेव्हा सौताडा आणि सहस्रकुंड अगदी सख्खे निघाले, आणि आम्ही दोन दिवस आनंदात होतो. म्हणून मॉससाठी बनवलेलेच प्रायमर घ्या आणि प्रत्येक क्रम आधी जेनबँक या सार्वजनिक क्रमसंग्रहात ब्लास्ट करून, म्हणजे जुळणारे क्रम शोधून, बघा.

एकाच भिंतीवरची रोपं ओळखायची तर मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) लागतात, आणि पैसे व सहकार्य असेल तर रॅड पद्धतीने हजारो जागा एकदम वाचता येतात. प्रकल्पाला आधी दोन-तीन भाग पुरेत.

क्रम वाचणं आणि जुळवणं

क्रोमॅटोग्राम, म्हणजे यंत्राने काढलेला क्रमाचा शिखरांचा आलेख, डोळ्यांनी पाहा. मॉस एकगुणित, म्हणून एका जागी एकच शिखर अपेक्षित. दोन शिखरं एकावर एक दिसली तर तो विषमयुग्मज (एकाच जागी आई-वडिलांकडून आलेली दोन वेगळी रूपं असलेला) नव्हे. ती भेसळ असेल, किंवा गुणसूत्रांचे संच दुप्पट झालेलं रोप असेल, किंवा आयटीएसच्या अनेक प्रतींतला फरक. गव्हा-तुरीवर काम केलेला माणूस सवयीने त्याला विषमयुग्मज म्हणतो आणि पुढचं सगळं गणित घसरतं.

जुळवणी मेगा या संगणक प्रणालीत करा आणि शेवटी हाताने तपासा. डीएनएएसपीमधून हॅप्लोटाइप, म्हणजे क्रमांचे वेगवेगळे प्रकार, काढा, पॉपआर्टमध्ये जाळं बांधा. या तिन्ही गोष्टी फुकट आहेत. जाळ्यात मोठ्या वर्तुळाभोवती बारीक वर्तुळं ताऱ्यासारखी दिसली तर वस्ती अलीकडे पसरलेली असण्याची शक्यता. लांबलांब दांड्यांनी जोडलेली वर्तुळं असतील तर जुना दुरावा, किंवा मग दिसायला सारख्या पण मुळात वेगळ्या दोन जाती. ही शेवटची शक्यता मॉसमध्ये वारंवार खरी ठरते. तेव्हा अशी रोपं पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली न्या.

मग आकडे. जेनॲलेक्समध्ये किंवा आर या संगणकीय भाषेच्या पॉपर पॅकेजमध्ये माहिती भरताना 'एकगुणित' हाच पर्याय निवडा. हार्डी-वाइनबर्गची तपासणी (विषमयुग्मजांचं प्रमाण अपेक्षेइतकं आहे का ते पाहणारी) इथे लागू नाही, कारण तोलायला विषमयुग्मज नाहीतच. नंतर प्रत्येक ठिकाणी हुबेहूब असलेली रोपं एकदाच मोजून सगळं गणित पुन्हा करा. दोन्ही निकाल शेजारी ठेवा. समजा, वालूरच्या १५ रोपांत १३ एकाच प्रकारची आहेत. सगळी मोजली तर वालूर फार वेगळं भासेल. एकदाच मोजलं तर तो वेगळेपणा विरघळू शकेल. विरघळला, तर तो एका रोपाच्या पसाऱ्याचा वेगळेपणा होता.

अमोव्हा ही सांख्यिकी पद्धत सांगते की फरकाचा किती वाटा ठिकाणांच्या आत आहे आणि किती ठिकाणांमध्ये. मँटेल चाचणी अंतर आणि फरक यांची सांगड पाहते. कालव्याचा प्रश्न घेतला असेल तर सरळ रेषेतल्या अंतरासोबत पाण्याच्या वाटेचं अंतरही घाला आणि कोणतं जास्त जुळतं ते पाहा. तुलनेसाठी बाहेरचेही क्रम हवेत: जेनबँकेतले, आणि जमल्यास कोकण किंवा महाबळेश्वरकडचे तुमचे स्वतःचे. अख्ख्या मराठवाड्यात एकच प्रकार सापडला आणि तोच कोकणातही असला, तर वालूर आणि नळदुर्गच्या सोयरिकीबद्दल तुम्ही काहीच सिद्ध केलेलं नसतं.

निबंध सादर करण्याआधी

प्रत्येक क्रम जेनबँकेत जमा करा आणि त्यात पाकिटाचा क्रमांक लिहा. पाकिटं विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहात द्या, मग ते छत्रपती संभाजीनगरचं असो की नांदेडचं, आणि पोच घ्या. विद्यार्थी पास होऊन पुण्याला नोकरीला जातो आणि पाकिटं खोलीमालकाच्या माळ्यावर राहतात, हे मी दोनदा पाहिलं आहे. दुसऱ्या वेळी खोलीमालकीणबाईंनी ती गणपतीच्या आराशीत डोंगर करायला वापरली होती. पाणी मारल्यावर छान हिरवी झाली, असं त्या कौतुकाने सांगत होत्या. सहस्रकुंडचे तेवीस नमुने होते ते.